ओढ्यापलीकडचा रूबेन

"थांब! पाण्यात पाय टाकलास तर याद राख!"

हेटी जिवाच्या आकांतानं ओरडली आणि पलीकडच्या काठावरचा तो तरुण एका पायावर तसाच उभा राहिला. दुसरा पाय हवेत, बूट पाण्यापासून वीतभर वर. वाऱ्यानं केस डोळ्यांवर आलेले... आणि त्याची तपकिरी लोकरी टोपी ओढ्याच्या पाण्यात गिरक्या घेत अलीकडे, हेटीच्या काठाला येऊन लागलेली.

"माझी टोपी आहे ती!"

"दिसतंय."

"मग घेऊ दे की. दोन उड्यांत येतो आणि जातो."

"एकाही उडीत यायचं नाही! बंदी आहे. तुमच्या काठावरचं काही इकडं यायचं नाही, आमचं तिकडं जायचं नाही. विल्फकाकांनी सांगितलं नाही का तुला?"

त्यानं पाय मुकाट्यानं मागं घेतला. "सांगितलं. पण टोपीचं काही बोलला नव्हता मामा."

"टोपीलाही तेच."

"मग फेक तरी इकडं."

"इकडं आली ना? आता ती आमच्या थॉर्नगिलची झाली."

हेटीनं काठीच्या टोकानं टोपी उचलली, पिळली, आणि ओढ्याकाठच्या रोवनच्या झाडाला अडकवून दिली. टोपीतून पाणी ठिबकत राहिलं.

"थंडी वाजेल तिला," तो पलीकडून म्हणाला.

हेटीला हसायचं नव्हतं. सकाळपासून बाबांचं आणि तिचं एका शब्दाचंही बोलणं झालं नव्हतं, रेडिओवरच्या बातम्या ऐकून घरात चहासुद्धा गार होऊन गेला होता. पण त्या ओल्या टोपीकडं एवढ्या काळजीनं बघणारा तो माणूस... ती हसली. आणि मग हसल्याचा तिला रागच आला.

दोन हजार एक सालचा मार्च होता तो. लाळ्या-खुरकुतीनं उत्तर इंग्लंडात थैमान घातलं होतं. एका गोठ्यात रोग सापडला की तिथली सगळी जनावरं मारून जाळायचे, आजूबाजूच्यांचीही. स्केलडेलच्या खोऱ्यात अजून काही नव्हतं. पण प्रत्येक फाटकासमोर औषधात भिजवलेला पेंढा अंथरलेला, डोंगरावरच्या पायवाटा दोऱ्या बांधून बंद केलेल्या. चर्चमधली प्रार्थना थांबली होती, पोस्टमन फाटकावरच्या डब्यात टपाल टाकून वळून बघत नव्हता. खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला दोनच घरं. ओढ्याच्या अलीकडं आयझॅक बर्केटचं थॉर्नगिल, पलीकडं म्हाताऱ्या विल्फ रेल्फचं बेकसाइड. विल्फ घसरून पडला, खांद्याचं हाड मोडलं, आणि ऐन मेंढ्या विण्याच्या तोंडावर त्यानं बहिणीच्या मुलाला मदतीला बोलावून घेतलं. तो आला आणि मागोमाग रस्ते बंद झाले. आता परत जायचं म्हटलं तरी जाता येणार नव्हतं.

तो हा रूबेन. व्हिटबीचा, समुद्राकाठचा. मासे खरवडून धुरावर सुकवणाऱ्या कारखान्यात काम केलेला. मेंढी त्यानं आजवर ताटातच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी हेटी ओढ्यावर गेली, ती केवळ पाण्याची पातळी बघायला. असं तिनं स्वतःला सांगितलं. तो तिथंच होता.

"ए मासेवाल्या! तुझ्या मामाची ती डाव्या कोपऱ्यातली मेंढी आडवी पडलीये, आणि तू इथं काय करतोयस?"

"टोपीची चौकशी करायला आलो होतो. बरी आहे ना?"

"मेंढीकडं बघ आधी! पिल्लू अडलंय तिचं."

"मग... काय करू?"

"हात धू. बाही वर कर. आणि देवाचं नाव घे."

त्या दिवशी हेटीनं ओढ्याच्या अलीकडून ओरडून ओरडून त्याच्याकडून एक कोकरू सोडवून घेतलं. पाय शोध, नाही, तो मागचा आहे, पुढचा... आता ओढ... हळू रे, दोर ओढतोयस का जाळ्याचा! शेवटी एक काळंकुट्ट, चिकट गाठोडं गवतावर घसरलं. रूबेन तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. कोपरापर्यंत माखलेला, तोंड उघडं.

"काळं कसं काय झालं हे? आई तर करडी आहे."

"आमची हर्डविक जातीची कोकरं अशीच असतात. जन्मतः काळी, मग वय वाढेल तशी फिकट होत जातात."

"माणसांचं उलट असतं," तो म्हणाला. आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले... हेटीनं बघितलं नाहीसं दाखवलं.

तिथून मग रोजचंच झालं. सकाळचं चारापाणी झालं की ती ओढ्यावर, आणि तोही. पावसात, गारांत, धुक्यात. ओढा तसा रुंद नव्हता, पण खळाळत असायचा, त्यामुळं सगळं ओरडूनच बोलावं लागे. गुपितंसुद्धा. हेटी बाबांकडून ऐकलेल्या गोष्टी त्याला सांगायची. आयझॅक बर्केट म्हणजे खोऱ्यातला सगळ्यांत बोलका माणूस. कुठल्या दगडाखाली कुठली म्हातारी बसायची, कुठल्या वळणावर काळा कुत्रा दिसतो, सगळं त्याला ठाऊक. गोठ्याच्या दारावर रोवनची फांदी लावली की चेटूक आत येत नाही. हॉथॉर्नचं फूल कितीही देखणं दिसलं तरी घरात आणायचं नाही, घरातलं माणूस जातं. आणि मेंढ्या मोजायच्या त्या जुन्या आकड्यांनी.

"म्हण माझ्या मागं. यान, टान, टेदरा..."

"यान, टान, टेदरा."

"मेदरा, पिंप."

"हे तू आत्ता बनवलंस!"

"बाबांची शपथ!"

"आमच्याकडं होडीवर डुकराचं नाव काढायचं नाही," तो सांगायचा. "काढलं की होडी परत येत नाही. आणि शिट्टी तर मुळीच मारायची नाही. शिट्टीनं वारा येतो."

हेटीनं लगेच दोन बोटं तोंडात घालून कुत्रीला शीळ घातली. मेग दगडांवरून उड्या मारत आली.

"बघ! त्या दिवशी तूच मारली असणार शिट्टी. म्हणून माझी टोपी उडाली."

"मुद्दामच मारली असेन," हेटी म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. तिनं वाकून मेगच्या कानामागचा चिखल काढायला घेतला. नसलेला चिखल.

एकदा त्यानं डोंगराकडं बोट दाखवून विचारलं, "वर कुठं कुंपण दिसत नाही. तुमच्या मेंढ्या पळून जात नाहीत?"

"कुठं जातील? त्यांना ठाऊक असतं. या दगडापासून त्या कड्यापर्यंत आपलं, पुढचं दुसऱ्याचं. आईनं शिकवलेलं असतं पिल्लाला. तिला तिच्या आईनं. बाबा म्हणतात, आम्ही बर्केट इथं यायच्या आधीपासून त्या इथं आहेत. आम्हीच त्यांचे पाहुणे."

"आणि आईच नसेल तर?"

"मग काही नाही. विकतची आणलेली मेंढी डोंगरावर सोडली तर ती चालतच सुटते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं कुठं थांबायचं ते."

एप्रिल सरता सरता एका सकाळी, भुरभुर पाऊस पडत असताना, वरच्या झाडीतून कुकू पाखराचा आवाज आला. वर्षातला पहिला. हेटीनं हात वर करून रूबेनला गप्प केलं.

"ऐकलंस? पहिला कुकू ऐकताना माणूस जे करत असतो ना, तेच तो वर्षभर करत राहतो म्हणे."

"मग मी आत्ता काय करतोय?"

"भिजतोयस."

"नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच ओरडला नाही. ओठांच्या हालचालीवरून तिला कळलं. "तुझ्याकडं बघतोय."

पाऊस पडत होता. हेटीचे कान गरम झाले होते.

"म्हणजे वर्षभर असंच... लांबून?" ती म्हणाली. गंमत म्हणूनच म्हणाली. पण कुकू ओरडतच राहिला.

रोग पुढच्या खोऱ्यात आला तेव्हा मे लागला होता. मेंढ्या कोकरांना घेऊन डोंगरावर चढल्या होत्या आणि क्षितिजावर सरणांचा धूर दिसू लागला होता. काळा, जड. वारा इकडं फिरला की घरातल्या पावालासुद्धा तो वास यायचा. आयझॅक जेवणाच्या टेबलाशी बसून जुनी एक गोष्ट सांगत होता. गुरांवर साथ आली की पूर्वी खोऱ्यातल्या सगळ्या चुली विझवायचे. लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव काढायचा, ओल्या फांद्या टाकून धूर करायचा आणि त्यातून जनावरं पार करायची. मग तोच विस्तव शेजाऱ्याकडं, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं... विझू द्यायचा नाही.

"एकानं तर गुरं झाल्यावर आजारी बायकोलाही काढलं धुरातून," हेटीनं ओढ्यावर सांगितलं.

"मग? बरी झाली?"

"खोकत खोकत नवऱ्याच्या मागं वीस वर्षं जगली म्हणे."

रूबेन हसला. मग त्याचं हसणं ओसरलं. "हेटी... करायचं का आपण?"

"खुळा आहेस का? विस्तव इकडून तिकडं द्यायलाही बंदी आहे."

"तुझा तू पेटव. माझा मी."

तिला ठाऊक होतं धुरानं काही होत नाही. त्यालाही ठाऊक होतं. पण हातावर हात ठेवून बसणं त्याहून वाईट होतं. विल्फ एक हात गळ्यात अडकवून दुसऱ्यानं काठी आपटत पलीकडं सूचना देत होता, आयझॅक अलीकडं ओल्या ज्युनिपरच्या फांद्या आणून टाकत होता. दोन्ही म्हातारे डोळे चोळत, ठसकत, ओढ्यावरून एकमेकांना शिव्या घालत. खाली कुरणात राहिलेल्या उशिरा व्यालेल्या मेंढ्या धुरातून पळाल्या, शिंकल्या, आणि वळून त्यांनी असं बघितलं की आयझॅकला हसू फुटलं. त्या वसंतात तो शेवटचा हसला तो तेव्हा.

संध्याकाळी वारा पडला. दोन्ही काठांवरचे धूर सरळ वर गेले आणि ओढ्याच्या मधोमध, पाण्याच्या वर, एकमेकांत मिसळले.

"हेटी!"

"काय?"

"आपण नाही तर नाही... आपले धूर तरी भेटले."

तिनं ओंजळभर धूर हातात घेतल्यासारखे हात पुढं केले फक्त. पलीकडं त्यानंही तसंच केलं. बस, एवढंच. त्यांनी एकमेकांना अजून एकदाही स्पर्श केला नव्हता. त्या दोघांत ओढा होता आणि तो ओढा रूबेननं कधी ओलांडला नाही. कुणी बघत नसतानाही नाही. हेटीनं एकदा विचारलं होतं, मोह नाही का होत? तो म्हणाला होता, "होतो ना. पण तुझ्या मेंढ्या आहेत पलीकडं."

त्यानंतरच्याच आठवड्यात विल्फची एक मेंढी लंगडायला लागली.

तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरनं तिचं तोंड उघडून बघितलं आणि हातमोजे काढले. बेकसाइडचं सगळं गेलं. हेटी दिवसभर मागच्या खोलीत उशीत डोकं खुपसून पडली होती. तरी गोळ्यांचे आवाज येत होते. मग यायचे थांबले, ते जास्त भयंकर होतं.

आणि मग थॉर्नगिलच्या फाटकाशी माणसं आली. पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्यातला पुढचा तरुण डॉक्टर होता, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"आमच्याकडं रोग नाही," आयझॅक म्हणाला. त्यानं फाटकाला साखळी लावली होती आणि स्वतः आडवा उभा होता. "एक मेंढी दाखव मला लंगडणारी. एक."

"नसेल काका. पण कुरणं लागून आहेत. शेजारची सगळी घ्यायची असा वरून हुकूम आहे."

"मी डोंगरावरून खाली आणणार नाही त्यांना. तुला हव्या तर तू आण."

डॉक्टरनं बुटांकडं बघितलं. "मग बंदुका घेऊन वर जावं लागेल आम्हाला, काका. उघड्यावर. लांबून. सगळ्याच एका गोळीत मरत नाहीत... पिल्लं सैरावैरा होतात. मला ते करायचं नाहीये. कृपा करा."

आयझॅकचा हात साखळीवरून सुटला नाही. आणि मग हेटीनंच कोट घातला.

"मी आणते," ती म्हणाली.

"हेटी!"

"बाबा, त्या माझ्या आवाजाला येतील. घाबरणार नाहीत."

"म्हणून तर म्हणतोय!" आयझॅक ओरडला. "म्हणून तर—" आणि तो फाटकापाशी खालीच बसला.

एकट्या बाईला आणि एका कुत्रीला सगळा डोंगर गोळा होईना. माणसं कमी होती. डॉक्टरनं पलीकडं निरोप धाडला. बेकसाइडला आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं तिथल्या माणसाला इकडं यायला हरकत नव्हती. रूबेन आला. पांढऱ्या कपड्यांत, औषधाच्या वासात भिजलेला. ओढा ओलांडून, पाण्यातून, पहिल्यांदा. रोवनच्या झाडावर त्याची टोपी अजून तशीच लटकत होती. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही.

हेटीच्या समोर येऊन तो उभा राहिला. इतका जवळ की तिला त्याच्या भुवईतला एक जुना व्रण दिसला. ओढ्यापलीकडून तो कधी दिसला नव्हता.

"मी कुठून जाऊ?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज मऊ होता. तिला फक्त त्याचं ओरडणं ठाऊक होतं. हा आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"तू डावीकडनं. कड्याच्या खालनं. घाई करू नकोस... पिल्लं दमतात."

दोघं चढले. वर धुकं होतं, हॉथॉर्न फुललेला होता, सगळा उतार पांढरा. हेटीनं तोंडाभोवती हात धरले.

"कूऽऽप! कूऽऽप!"

आणि त्या आल्या. दगडांआडून, शेवाळातून, ओघळींतून. आधी म्हाताऱ्या, पांढऱ्या तोंडाच्या, मागं त्यांच्या लेकी, आणि लेकींच्या पोटाशी धावणारी काळी पिल्लं. हिवाळ्यात पेंड घेऊन येणारी हेटी ती हीच, हे त्यांना ठाऊक होतं. एक म्हातारी तर धावत पुढं आली आणि तिच्या कोटाचा खिसा हुंगू लागली. खिशात काही नव्हतं. हेटी त्या मेंढीच्या मानेत तोंड घालून उभी राहिली. पुढची हाक तिनं मारलीच नाही.

मग कुणीतरी शेजारून हाक दिली. "कूऽऽप... कूऽऽप..." हळू, चुकतमाकत, समुद्राकाठच्या हेलानं. रूबेन. त्यानं हातमोजा काढला आणि तिचा हात हातात घेतला. त्याचा हात थंडगार होता. तसेच ते उतरले, एकमेकांचा हात धरून, आणि त्यांच्या भोवती, मागं-पुढं, निवांतपणे चालत थॉर्नगिलच्या सगळ्या मेंढ्या.

अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "रोज ठरवायचो मी. पहिल्यांदा जवळ आलो की तुला काय म्हणायचं ते."

"काय ठरवलं होतंस?"

"आता नाही बोलवत."

"नको बोलूस," हेटी म्हणाली. "मला कळलंय."

खाली मेंढवाड्याचं दार उघडं होतं. तिनं हात सोडवून घेतला आणि दार लावायला पुढं झाली.

जूनमध्ये फोन आला. थॉर्नगिलच्या मेंढ्यांचं रक्त तपासलं होतं. रोग नव्हता. एकीतही नव्हता. फोनवरच्या बाईचा आवाज फार अदबशीर होता. हेटीनं बाबांना सांगितलं तेव्हा आयझॅकनं मान हलवली, बादली आणि खराटा घेतला आणि धुऊन स्वच्छ केलेला गोठा पुन्हा धुवायला घेतला. त्या दिवसानंतर त्यानं गोष्टी सांगणं सोडलं. बोलणंच सोडलं म्हणा ना. एकदा फक्त, रूबेन दारात आलेला बघून, तो आतूनच म्हणाला, "त्या मासेवाल्याला माझ्या दारात उभं करू नकोस."

"त्याचा काय दोष, बाबा?"

आत बादली आपटल्याचा आवाज आला.

म्हणून पुन्हा ओढाच. आता कुठली बंदी नव्हती. रूबेन दगडांवरून दोन उड्यांत अलीकडं येई आणि दोघं शेजारी शेजारी बसत. पण गंमत अशी की बोलणं सुचत नसे. इतके दिवस ओरडून बोलायची सवय. कुजबुजीत काय सांगायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. तो तिच्या केसांतलं गवत काढायचा. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवायची. आणि त्याच्या बाहीला औषधाचा पुसटसा वास आला की ती उठून उभी राहायची. "काय झालं?" "काही नाही." रोज हेच.

त्या उन्हाळ्यात खोरं जेवढं सुंदर दिसलं तेवढं कधीच दिसलं नव्हतं. चरायला कुणी नाही म्हणताना गवत कमरेएवढं वाढलं. कुणी कधी न पाहिलेली फुलं उगवली. निळी, जांभळी, उतारच्या उतार. पायवाटा उघडल्या तशी शहरातली माणसं काठ्या आणि कॅमेरे घेऊन आली. "किती शांत आहे हो इथं!" फाटकाशी थांबून एक बाई हेटीला म्हणाली. "नशीबवान आहात."

हेटी म्हणाली, "हो."

विल्फनं घर विकायला काढलं. तो बहिणीकडं, व्हिटबीला राहायला जाणार होता. रूबेननं सप्टेंबरात तिला विचारलं. विचारताना तो तिच्याकडं न बघता पाण्याकडं बघत होता.

"चल माझ्याबरोबर. समुद्र आहे तिथं, हेटी. दिवसभर आवाज असतो. लाटा, होड्या, ती भांडखोर पाखरं... डोकं उठतं माणसाचं. तुला आवडेल."

"मी काय करू तिथं? मासे खरवडू?"

"मी शिकवीन. ओरडून ओरडून."

ती हसली. किती दिवसांनी! आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता हो म्हणाली. त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि त्या एका क्षणी ना कुठला वास आला, ना कुठला आवाज. नुसतं ऊन होतं आणि तो होता. तेव्हा त्यानं सांगितलं, त्या दिवशी डोंगरावर सांगायचं राहून गेलेलं. अगदी साधं होतं ते, सगळेच सांगतात तसं. "माझा जीव आहे तुझ्यावर." हेटीनंही तेच सांगितलं.

जायच्या सकाळी तिनं पिशवी भरली. चहा करून बाबांना हाक मारली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गोठ्यात नव्हतं. ती अंगणात आली तेव्हा वरून आवाज आला.

"कूऽऽप... कूऽऽप..."

आयझॅक डोंगराच्या पायथ्याशी उभा होता, तोंडाभोवती हात धरून. समोर कमरेएवढं गवत. तो हाक मारी, थांबे, कान देऊन ऐके, पुन्हा हाक मारी. घाई नव्हती त्याच्या आवाजात. नेहमीसारखा, हिवाळ्यातल्या सकाळी मारतो तसा.

हेटी तिथं किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिनं पिशवी दारातच ठेवली आणि गावातल्या बसथांब्याकडं मोकळ्या हातांनी चालत गेली.

रूबेननं तिला लांबून येताना बघितलं. तिचे हात बघितले.

"पिशवी कुठाय?" त्यानं विचारलं, आणि मग तोच म्हणाला, "नको सांगूस."

"रूबेन..."

"मी थांबतो मग. इथंच कुठंतरी काम बघतो. मला काय, समुद्र काही पळून जात नाही."

त्याला खरंच तसं म्हणायचं होतं. हेटीला ते दिसत होतं, आणि म्हणूनच पुढचं बोलणं तिला इतकं जड गेलं.

"नको थांबूस. बाबा तुझ्याकडं बघतात तेव्हा त्यांना तो दिवस दिसतो. आणि... मलाही दिसतो, रूबेन. माझा जीव आहे तुझ्यावर. खरंच आहे. पण तू हात धरलास की मी पुन्हा उतरायला लागते त्यांना घेऊन."

बस वळणावर दिसली. विल्फ आपली ट्रंक ओढत पुढं गेला, मुद्दाम वेळ लावत.

"सरेल ते कधीतरी," रूबेन म्हणाला.

"सरलं तर कळवीन."

"नाही कळवणार तू."

तो खरं बोलत होता आणि त्याला खोटं सांगायची तिची इच्छा नव्हती. त्यानं तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं... ड्रायव्हरनं भोंगा वाजवला... आणि मग तो चढला. खिडकीशी बसला नाही. पलीकडच्या बाजूला बसला, तिला दिसणार नाही असा.

ती परत आली तेव्हा आयझॅक दगडी भिंतीला टेकून बसला होता. हाका थांबल्या होत्या. घसा बसला असावा. ती जाऊन शेजारी उभी राहिली.

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला."

"चांगला होता पोरगा," आयझॅक म्हणाला. "त्या दिवशी बघितलं मी त्याला. दारातून एकेकीला आत घेताना बोलत होता त्यांच्याशी. हळू. शेवटच्या मेंढीपर्यंत."

हेटीनं त्याच्या कोटावरचं गवत झटकलं.

"मग तू का नाही गेलीस?"

त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. सकाळपासून तशीच ओल्या गवतात लोळत असणार. हेटी गुडघ्यांवर बसली आणि नाडी बांधू लागली. गाठ नीट बसेना.

"इथलं कोण बघणार, बाबा?" ती म्हणाली.

आयझॅकनं मान वर केली आणि डोंगराकडं बघितलं. खालच्या दगडापासून पार वरच्या कड्यापर्यंत, जेवढं बर्केटांचं होतं तेवढं सगळं. गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलं होतं. बघायला तिथं काहीच नव्हतं.